आवाज कुणाचा वाढवायचा? ईईजी आणि श्रवणयंत्र, प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

आजपासून नोंदी ठेवायला सुरुवात करतेय. प्रकल्प थोडक्यात असा: दोन-तीन माणसं एकदम बोलत असताना श्रवणयंत्र लावलेला माणूस त्यातल्या कुणाचं ऐकतोय ते त्याच्या मेंदूच्या सिग्नलवरून (ईईजी, म्हणजे डोक्याच्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावून मोजलेली मेंदूची विद्युत हालचाल) ओळखायचं आणि यंत्राने तोच आवाज वर आणायचा. आम्ही तिघं आहोत, हार्डवेअर माझा मित्र बघतो, सिग्नल प्रोसेसिंग आणि कोड माझ्याकडे आणि चुकीच्या वाटेला लागलो की थांबवायला सर आहेतच.

हे का करायचं ते आधी लिहून ठेवते. कानाचं मशीन वापरणाऱ्यांची मुख्य तक्रार शांत खोलीतली नसतेच, ती गर्दीतली असते. कॉक्लियातल्या (आतल्या कानातल्या शंखातल्या) बाहेरच्या हेअर सेल, म्हणजे आवाज टिपायला मदत करणाऱ्या पेशी, गेल्या की नुसता आवाज कमी होत नाही, जवळजवळच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करायची ताकदही जाते, कानातले फिल्टर पसरट होतात आणि एका माणसाचा आवाज दुसऱ्याच्या आवाजात मिसळून जातो. मग मशीनने सगळंच वीस डेसिबलने वाढवलं तरी मिसळलेलं ते मिसळलेलंच राहतं, फक्त मोठं होतं. दिशा धरणारे मायक्रोफोन मदत करतात, नक्की करतात, पण ते बहुतेक वेळा असं धरून चालतात की समोर आहे तोच महत्त्वाचा. टेबलावर बाजूला बसलेला माणूस हळू आवाजात काही सांगत असेल आणि तुम्ही मान न वळवता त्याचं ऐकत असाल तर मशीनला ते कळायला काही मार्गच नाही. बोलणं कुठून येतंय हे मशीन शोधू शकतं. त्यातलं कुठलं हवंय हे फक्त ऐकणाऱ्यालाच माहीत असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात आहे की जगात दीडशे कोटींहून जास्त लोकांना कमी-जास्त ऐकू कमी येतं आणि त्यातल्या ४३ कोटींना उपचार किंवा मदतीची गरज पडेल इतकं कमी येतं. हा आकडा भिंतीवर लावलाय.

१५ जानेवारी

आठवडाभर वाचन. मूळ प्रश्न जुना आहे, १९५३ मध्ये कॉलिन चेरीने दोन कानांत दोन वेगळी बोलणी ऐकवून लोकांना एकाच कानातलं मोठ्याने म्हणायला लावलं होतं. लोक ते सहज करायचे, पण दुसऱ्या कानात काय चाललं होतं ते विचारलं तर बाई बोलत होती की पुरुष एवढंच सांगता यायचं, विषय काय होता त्याचा पत्ताच नाही. मग १९५९ मध्ये मोरेने दाखवलं की त्या दुर्लक्षित कानात स्वतःचं नाव आलं तर साधारण एक तृतीयांश लोकांना ते कळतं. हा दुसरा प्रयोग मी जाड पेनाने लिहून ठेवलाय, कारण आमच्या यंत्राने काय करू नये ते यातून कळतं. त्याबद्दल पुढे लिहीनच.

मेंदूच्या बाजूने मोठा टप्पा २०१२ चा. मेसगरानी आणि चँग यांनी एपिलेप्सीच्या ऑपरेशनसाठी ज्यांच्या मेंदूवर थेट इलेक्ट्रोड बसवले होते अशा पेशंटना दोन आवाज एकत्र ऐकवले आणि श्रवण कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या पृष्ठभागावरचा ऐकण्याचा भाग) सिग्नलवरून आवाजाचा स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या क्षणी कुठल्या फ्रिक्वेन्सीत किती ताकद त्याचं चित्र) परत बांधला. तो त्या मिश्रणासारखा न येता ज्याच्याकडे लक्ष होतं त्या एकट्या माणसाच्या बोलण्यासारखा आला! म्हणजे कॉर्टेक्सपर्यंत जाताना निवड झालेली असते. मग २०१५ मध्ये ओ'सुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी कवटीबाहेरून, साध्या ईईजीवर, एक-एक मिनिटाच्या तुकड्यांवर हेच केलं आणि ४० जणांमध्ये सरासरी ८९ टक्क्यांच्या आसपास बरोबर उत्तरं आली. कवटी न उघडता जमतंय म्हटल्यावर श्रवणयंत्रवाले जागे झाले.

२८ जानेवारी

आपलं काही रेकॉर्ड करायच्या आधी खुल्या डेटावर हात बसवायचा असं ठरलंय. बेल्जियमच्या ल्यूवेन विद्यापीठाचा डेटा घेतला, १६ जण, ६४ चॅनेल (म्हणजे डोक्यावर ६४ इलेक्ट्रोड), डावीकडून एक आणि उजवीकडून एक अशा डच गोष्टी.

पद्धत अशी. बोलण्याचा एन्व्हलप काढायचा, म्हणजे आवाज किती चढला-उतरला त्याची बाह्यरेषा, अक्षरं-शब्द काही नाही. त्यासाठी आवाज आधी कानासारख्या फिल्टरबँकमधून काढायचा, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांत (बँडमध्ये) वाटायचा, प्रत्येक बँडची ताकद ०.६ च्या घातांकाने दाबायची कारण कानही मोठे आवाज दाबतो, मग सगळं बेरजेत. ईईजी आणि एन्व्हलप दोन्ही १ ते ९ हर्ट्झमध्ये गाळायचे आणि ६४ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६४ नमुन्यांवर, आणायचे. बोलण्यातल्या अक्षरांची लय साधारण इथेच पडते आणि कॉर्टेक्सही हीच लय पकडून चालतो, म्हणून हा बँड.

मग उलटा मॉडेल: आवाज आल्यानंतरच्या ० ते २५० मिलिसेकंदांतला ईईजी घेऊन त्यावरून एन्व्हलपचा अंदाज बांधायचा. ६४ हर्ट्झवर हे १७ लॅग (वेळेचे टप्पे) होतात, गुणिले ६४ चॅनेल म्हणजे १०८८ वजनं. एवढी वजनं गोंगाटाच्या डेटावर मोकळी सोडली तर ती गोंगाटच पाठ करतात, म्हणून रिज रिग्रेशन, म्हणजे वजनं फार मोठी होऊ नयेत म्हणून लगाम, आणि लगाम किती ओढायचा ते क्रॉस-व्हॅलिडेशनने, डेटाचा थोडा भाग बाजूला ठेवून त्यावर तपासत. शेवटी बांधलेला एन्व्हलप दोन्ही वक्त्यांच्या खऱ्या एन्व्हलपशी ताडून बघायचा, ज्याच्याशी कोरिलेशन (दोन रेषा किती जोडीने चढतात-उतरतात त्याचा आकडा, ० म्हणजे काही संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत) जास्त त्याच्याकडे लक्ष. एवढंच. यात डीप लर्निंग वगैरे काही नाही आणि सुरुवातीला नकोच असं माझं ठाम मत आहे, आधी सरळ रेषेने काय दिसतं ते समजून घेतलं पाहिजे.

५ फेब्रुवारी

निकाल यायला लागले. हे क्षेत्र नवीन असणाऱ्याला धक्का बसेल असा आकडा: बरोबर वक्त्याशी कोरिलेशन ०.१ च्या आसपास. इतर कुठल्याही कामात ०.१ कोरिलेशन आलं तर माणूस फाइल बंद करेल. इथे मात्र दोघांतला फरक बघायचा असतो, आणि तो फरक बहुतेकांमध्ये टिकून दिसतोय. ईईजीमध्ये मुळात आवाजाला मिळणारा प्रतिसाद हा बाकी सगळ्या मेंदूच्या कामाखाली गाडलेला असतो, आणि तो बाकीचा सिग्नलसुद्धा दहा-वीस मायक्रोव्होल्ट, साध्या पेन्सिल सेलच्या लाखाव्या हिश्शाइतका.

खरा प्रश्न वेळेचा आहे आणि तो कागदावर मांडून बघितला. बरोबर आवाजाचं कोरिलेशन ०.१२ धरा, दुसऱ्याचं ०.०४, फरक ०.०८. आता ८ हर्ट्झ रुंदीच्या सिग्नलमध्ये सेकंदाला साधारण १६ स्वतंत्र नमुने मिळतात, म्हणजे ५ सेकंदांत ८०. ८० नमुन्यांवर काढलेल्या कोरिलेशनची हलहल १ भागिले वर्गमूळ ८०, म्हणजे ०.११, आणि दोन कोरिलेशनच्या फरकाची ०.१६. फरक ०.०८ आणि हलहल ०.१६, तर बरोबर उत्तर यायची शक्यता ७० टक्क्यांच्या जवळ. तेच ६० सेकंद घेतले तर नमुने ९६०, हलहल ०.०४५ आणि उत्तर ९५ च्या वर जायला पाहिजे. प्रत्यक्षात तेवढं जात नाही कारण माणसाचं लक्ष मिनिटभर एका जागी राहत नाही, पण चित्र हेच आहे. आणि १ सेकंदाला हा हिशोब ५९ टक्के सांगतो.

म्हणजे कोड कितीही चकाचक केला तरी इतक्या अशक्त सिग्नलमधून माहिती थेंबाथेंबानेच येणार. संभाषणात माणूस बोलणारा बदलतो तो सेकंदा-दोन सेकंदात. यंत्राला कळायला मात्र अर्धा मिनिट लागू शकतो. मला वाटतं या प्रकल्पात सगळं या एका दरीभोवती फिरणार आहे, टक्केवारी दोन-चारने वर नेण्यापेक्षा या उशिरासोबत कसं जगायचं ते आधी सोडवावं लागेल.

अजून एक, नोंदीत असावं म्हणून: ५० विंडो (म्हणजे निर्णय घेतलेले वेळेचे तुकडे) असतील तर २५ च्या वर गेलं म्हणजे जमलं असं नाही, नाणं उडवूनही ३० येऊ शकतात. ३२ बरोबर आले तर बोलायचं, त्याखाली गप्प.

१७ फेब्रुवारी

एका ज्युनियरने विचारलं की ताई एन्व्हलपच्या भानगडीत पडायचंच कशाला, लक्ष डावीकडे की उजवीकडे एवढंच ईईजीवरून ओळखू ना, पेपरमध्ये तर एक-दोन सेकंदाच्या विंडोवर नव्वदच्या वर आकडे आहेत. प्रश्न रास्त आहे आणि वाटही मोहाची आहे, कारण तसं झालं तर वरची दरी एका झटक्यात बुजते. म्हणून दोन दिवस यावरच घालवले.

अडचण दोन जागी. पहिली, एकाच ट्रायलचे (एका सलग रेकॉर्डिंगचे) छोटे तुकडे करून काही ट्रेनिंगला आणि काही टेस्टला टाकले तर मॉडेल लक्ष न शिकता तो ट्रायल ओळखायला शिकतं. जेल किती सुकलंय, माणूस किती थकलाय, कुठला इलेक्ट्रोड कुरकुरतोय, हे सगळं मिनिटामिनिटाला थोडं बदलत असतं आणि त्या ट्रायलभर लक्ष एकाच बाजूला असतं, त्यामुळे ट्रायल ओळखला की उत्तर फुकटात मिळतं. पूर्ण ट्रायल बाहेर ठेवून टेस्ट केलं की ते चमकदार आकडे बरेच खाली येतात, आमच्याकडेही आले. दुसरी अडचण डोळ्यांची. माणूस उजवीकडचं ऐकताना नकळत नजर उजवीकडे नेतो, डोळा हा स्वतःच एक छोटा विद्युत द्विध्रुव आहे, तो वळला की पुढच्या चॅनेलमध्ये ते दिसतं. मग आपण मेंदू वाचतोय की डोळे? ल्यूवेनच्याच गटाने २०२४ मध्ये हे पूर्वग्रह नीट तपासून प्रसिद्ध केले, त्यांच्या स्वतःच्या जुन्या डेटासकट, याचं मला फार कौतुक वाटतं. नजरेचा उपयोग करायचा असेल तर जरूर करावा, पण मग त्याला नजर म्हणावं आणि त्यासाठी वेगळा सेन्सर लावावा.

आमचा निर्णय: एन्व्हलपवरच राहायचं, आणि कुठलाही निकाल पूर्ण ट्रायल बाहेर ठेवल्याशिवाय लिहायचा नाही.

३ मार्च

हार्डवेअर. ६४ चॅनेलची टोपी आणि डोकंभर जेल घालून कुणी गर्दीत जाणार नाही, त्यामुळे कानाभोवतीच काय मिळतं ते बघायचं. जर्मनीच्या ओल्डेनबर्गमधल्या डेबनर यांच्या गटाने २०१५ मध्ये कानामागे चिकटणारी इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची पट्टी दाखवली, एका बाजूला १० इलेक्ट्रोड. आम्ही त्याच कल्पनेवर पण साधं करतोय, ओपनबीसीआयचा ८ चॅनेलचा बोर्ड, २५० सॅम्पल सेकंदाला, दोन्ही कानांमागे चार-चार इलेक्ट्रोड. वजनं १०८८ वरून १३६ वर आली, ती एक चांगली गोष्ट, थोड्या डेटावर शिकवता येईल.

मित्राने पहिल्या दिवसापासून एक आग्रह धरला आणि तो मला आता पूर्ण पटलाय. साउंडकार्डचं घड्याळ वेगळं आणि ईईजी बोर्डचं वेगळं. दोघांत दहा लाखात ५० इतका जरी फरक असला तरी १० मिनिटांत ३० मिलिसेकंद सरकतात, आणि आपण जो प्रतिसाद शोधतोय तोच मुळी १००-२०० मिलिसेकंदांत बसलेला. म्हणून त्याने आवाजाच्या तारेवर फाटा काढून, दोन रेझिस्टरनी व्होल्टेज पाडून, सुरुवातीचा आणि शेवटचा टिक् थेट ईईजीच्या एका जादा इनपुटवर आणलाय. दोन टिकांमधलं अंतर दोन्ही घड्याळांत मोजायचं आणि ताणून जुळवायचं. वायरलेसच्या भरवशावर काही सोडायचं नाही.

दुसरी काळजी जास्त गंभीर आहे. इअरफोनची कॉइल इलेक्ट्रोडपासून बोटभर अंतरावर असेल तर तिचं चुंबकीय क्षेत्र सरळ तारांमध्ये शिरू शकतं, आणि मग डिकोडर (ईईजीवरून लक्ष ओळखणारा आमचा मॉडेल) मेंदू बाजूला ठेवून इअरफोनच वाचत बसेल आणि आकडे झकास येतील. यावर दोन उपाय केले. नळीवाले इअरफोन घेतले, कॉइल खिशाजवळ आणि तिथून ३० सेंटीमीटरच्या नळीने आवाज कानात, त्यात जेमतेम १ मिलिसेकंद जातो. आणि खात्रीसाठी फोमच्या डोक्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून, त्यावर इलेक्ट्रोड लावून, तेच आवाज वाजवून, तोच अख्खा कोड चालवला. फडक्याला लक्ष नसतं. कोरिलेशन शून्याभोवती फिरत राहिलं, अंदाज नाण्यासारखे. हा प्रयोग प्रत्येकाने करावा, तासाभराचं काम आहे आणि नंतर रात्री झोप लागते.

१९ मार्च

एथिक्स समितीची परवानगी आली, रेकॉर्डिंग सुरू. संमतीपत्रात आम्ही साध्या भाषेत लिहिलंय की हा तुमच्या मेंदूचा सिग्नल आहे, तो कुठे ठेवणार, कोण बघणार, कधी पुसणार. त्यात एक वाक्य मुद्दाम घातलंय की यातून तुमचे विचार कळत नाहीत, फक्त दोन आवाजांपैकी कुठला मेंदूत जास्त उमटतोय ते कळतं. लोक खरंच विचारतात हे.

बसवण्याचं थोडं. कानामागची त्वचा स्पिरिटने पुसायची, मग खरखरीत पेस्टने हलकं घासायचं, जास्त घासलं तर लाल होतं आणि माणूस परत येत नाही. इंपिडन्स (इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला विद्युत अडथळा) १० किलोओहमखाली आला की थांबायचं. चष्मा असेल तर काडी नेमकी वरच्या इलेक्ट्रोडवर बसते, तिथे पट्टी अर्धा सेंटीमीटर मागे घ्यावी लागते. श्रवणयंत्र कानामागे असेल तर जागेची मारामारीच आहे, शेवटी हे इलेक्ट्रोड यंत्राच्या बाहेरच्या खोळीवरच आले पाहिजेत हे तिथे हात लावल्यावर कळतं.

कानाभोवतीच्या जागेचा एक तोटा मोठा आहे. जबड्याचा स्नायू तिथूनच जातो. माणसाने गिळलं, दात दाबले, की स्क्रीनवर दाट काळा पट्टा. आणि माणूस स्वतः बोलायला लागला की सगळंच गेलं, स्नायूही आणि वर स्वतःचा आवाजही. खऱ्या संभाषणात तर माणूस अर्धा वेळ बोलतच असतो! त्यामुळे नियम केला की मायक्रोफोनला स्वतःचा आवाज दिसला की डिकोडरने निर्णय गोठवायचा, शेवटची पातळी धरून ठेवायची, आणि बोलणं थांबल्यावर पुढे चालू. स्वतःचा आवाज ओळखणं मायक्रोफोनला सोपं आहे, तो फारच जवळचा असतो.

२ एप्रिल

आज पहिल्यांदा रोज श्रवणयंत्र वापरणारे एक काका आले होते, ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी पाठवलेले. दोन्ही कानांच्या ऐकण्यात मध्यम उतार, उंच फ्रिक्वेन्सीला जास्त. इलेक्ट्रोड लावताना म्हणाले, "मशीन लावलं की सगळंच मोठं होतं हो ताई, भांडी पण आणि माणसं पण. मला मोठं नकोय, मला वेगळं पाहिजे." अख्खा प्रकल्प एवढ्यात आला.

मला एक भीती होती की ऐकू कमी येणाऱ्यांमध्ये सिग्नल आणखीच दुबळा येईल. तसं नाहीये. वय वाढलेल्यांमध्ये एन्व्हलपचा कॉर्टेक्समधला ठसा तरुणांपेक्षा जास्त ठळक दिसतो असं साहित्यात आहे, आणि ऐकू कमी येणाऱ्यांमध्येही लक्षाचा परिणाम टिकून राहतो असं डेन्मार्कच्या गटाने २०२० मध्ये दाखवलंय. काकांचा डेटा त्याच्याशी जुळतोय. ठसा ठळक म्हणजे जास्त चांगलं ऐकू येतं असं मात्र नाही, कदाचित उलट, मेंदूला जास्त कष्ट पडत असतील म्हणूनही असेल. पण आमच्या कामाच्या दृष्टीने ज्यांना गरज आहे त्यांच्यातच सिग्नल मिळतोय.

दर मिनिटाला गोष्टीवर एक प्रश्न विचारतो, लक्ष राहावं म्हणून. एका मिनिटानंतर काका उत्तर देण्याऐवजी थांबले आणि म्हणाले, खरं सांगू का, मधे मी त्या दुसऱ्या बाईंचं ऐकत होतो, त्या काहीतरी पत्राबद्दल सांगत होत्या. लॉग उघडला तर त्या मिनिटात डिकोडरने दुसरा आवाजच निवडला होता आणि आमच्या तक्त्यात ती चूक म्हणून मोजली गेली होती. एका मिनिटावरून काहीच सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. पण आपण माणसाला याच्याकडे लक्ष द्या सांगतो आणि त्यालाच खरं उत्तर धरून चालतो, आणि लक्ष हे सांगून राहणारी गोष्ट नाही. यापुढे प्रत्येकाच्या हातात एक बटण असेल, लक्ष घसरलं की दाबायचं, आणि त्या वेळा तक्त्यात वेगळ्या ठेवायच्या.

१६ एप्रिल

उशिराचा प्रश्न परत हातात घेतला. दर निर्णयाला आवाज धाडकन इकडून तिकडे नेला तर ७० टक्के अचूकतेवर दर तिसऱ्या-चौथ्या वेळी चुकीचा माणूस कानात येईल, असह्य. म्हणून पायऱ्या. प्रत्येक निर्णयाला गेन, म्हणजे आवाज किती वाढवायचा ते प्रमाण, एकच पायरी सरकवायचा.

आता विंडो छोटी घ्यावी की मोठी? ढोबळ हिशोब: ५ सेकंदाची विंडो, ७० टक्के, म्हणजे दर निर्णयाला सरासरी ०.७ वजा ०.३, ०.४ पायरी पुढे. चार पायऱ्या पार करायला १० निर्णय, म्हणजे ५० सेकंद. विंडो १ सेकंदाची, ५९ टक्के, तर दर निर्णयाला ०.१८ पायरी. चारच पायऱ्या ठेवल्या तर २२ सेकंदांत पलीकडे जाईल, पण मग ती चुकूनही तितक्याच सहज घरंगळते. पहिल्याइतकी स्थिर ठेवायची तर साधारण ९ पायऱ्या लागतात, आणि ९ भागिले ०.१८ म्हणजे परत ५० सेकंदच! कागदावर हे आलं तेव्हा मी दोनदा तपासलं. अर्थ सरळ आहे, माहिती जितक्या वेगाने येते तितक्याच वेगाने येते, ती मोठ्या घासाने घ्या की छोट्या. छोट्या विंडोचा फायदा एकच पण महत्त्वाचा, आवाज हळूहळू सरकतो आणि बदल लगेच सुरू झालेला जाणवतो. म्हणून १ सेकंद, पायऱ्या बारीक.

वेळ खरा कमी करायचा असेल तर कोरिलेशनमधला तो ०.०८ चा फरक वाढवायला हवा. फरक दुप्पट झाला तर वेळ चौथाईवर येतो. चांगले इलेक्ट्रोड, प्रत्येक माणसाचं स्वतःचं ट्रेनिंग आणि वापरता वापरता शिकत राहणारा डिकोडर, पुढची मेहनत तिकडे.

२९ एप्रिल

आतापर्यंत दोन्ही वक्त्यांचे स्वच्छ एन्व्हलप आयते मिळत होते. खऱ्या यंत्राला फक्त मिश्रण मिळतं. ते वेगळं करायला बीमफॉर्मर (अनेक मायक्रोफोन जोडून एका दिशेचा आवाज धरणारी पद्धत) किंवा न्यूरल नेटवर्क, दोन्ही करून बघतोय. डिकोडरपुरतं बोलायचं तर वेगळं करणं थोडं ओबडधोबड असलं तरी चालतं, एन्व्हलप जाडसर बरोबर असला की बास. ऐकणाऱ्याला मात्र तो आवाज प्रत्यक्ष ऐकायचाय, त्याला ओबडधोबड चालत नाही.

आणि इथे वेळेचं गणित पार उलटं आहे. डिकोडरला सेकंद लागले तर चालवून घेऊ, पण आवाजाला साधारण १० मिलिसेकंदांच्या वर उशीर चालत नाही, कारण थोडा मूळ आवाज कानाच्या फटीतून थेट जातच असतो, त्याच्यावर यंत्राचा उशिरा आलेला आवाज पडला की घुमल्यासारखं होतं. म्हणजे पुढचं काही न बघता, फक्त मागच्या आवाजावर चालणारं नेटवर्क, तेही यंत्राच्या बॅटरीवर. सध्या लॅपटॉपवर चालवतोय.

१२ मे

बराच वाद घालून आज ज्यावर तिघांचं एकमत झालं ते: नको असलेला आवाज कधीही पूर्ण बंद करायचा नाही.

डेमो बनवताना दुसरा आवाज पार गायब करावा असं वाटतं, ऐकणारा खूश होतो. पण विचार करा, आपला डिकोडर काय बघतो? माणसाचं लक्ष दुसऱ्याकडे वळलं की त्या दुसऱ्याचा एन्व्हलप मेंदूत उमटायला लागतो, ते बघतो. तो आवाज कानात पोचतच नसेल तर उमटणार कुठून. यंत्राने एकदा निवड केली की माणसाकडे ती बदलायचं साधनच उरत नाही, आणि मधल्या काळात कुणी त्याला हाक मारली, सावध हो म्हणालं, तर ते त्याच्यापर्यंत जाणारच नाही. मोरेच्या प्रयोगात आवाज पूर्ण ताकदीने कानात असूनही स्वतःचं नाव एक तृतीयांश लोकांनाच कळलं होतं, त्यात आपण आणखी दाबायला निघालो तर किती उरेल? ज्यांचं ऐकू येणं आधीच आकसलंय त्यांचं आपण आणखी आकसायचं नाही, भले डेमोत आवाजातला फरक कमी जाणवला तरी चालेल.

मर्यादा किती ठेवायची हे मात्र सगळ्यांना एकच ठेवून चालणार नाही. प्रत्येकाच्या ऑडिओग्रामप्रमाणे (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती ऐकू येतं त्याचा आलेख) दुसरा आवाज हळूहळू खाली नेत जायचा आणि विषय काय चाललाय ते त्याला जिथपर्यंत सांगता येतं तिथे थांबायचं, तोच त्याचा तळ. काकांचा तळ साधारण ९ डेसिबल खाली आला, माझ्या मित्राचा त्याहून बराच खोल. त्याच्याही वर एक हाताने चालणारा बाहेर पडायचा रस्ता, यंत्रावर दाबलं की लगेच दोन्ही आवाज समान आणि डिकोडर नव्याने सुरू. ते दाबणं आम्ही नोंदवून ठेवणार, कारण डिकोडर चुकला असं माणसाने स्वतः सांगितलेले तेवढेच क्षण आपल्याकडे असतील आणि शिकवायला त्याहून चांगला डेटा नाही.

पुढच्या महिन्यात बंद लूप, म्हणजे ऐकणाऱ्याचा ईईजी त्याच वेळी गेन हलवतोय आणि हललेला आवाज परत त्याच्याच कानात जातोय. त्याआधी मित्राला बोर्डपासून गेनपर्यंतचा सगळा उशीर टिक् लावून मोजायचाय, मला पायऱ्यांचा कोड स्वतःचा आवाज आल्यावर गोठवण्याशी जोडायचाय, आणि मॅडमना यंत्र वापरणारे आणखी लोक पाठवायला सांगितलंय, शक्यतो वेगवेगळ्या उतारांचे. काकांनी आपणहून पुन्हा येतो म्हणून सांगितलंय, या वेळी बटण हातात असेल.